बाणाच्या जागी चौकोन

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी त्यातला माझा भाग हळूच कापून टाकीन, मला माझी सवय माहितीये. आत्ता कान गरम आहेत, तोवर सांगून टाकते.

मी बंगलोरला दादा-वहिनीकडे राहते. दादा इथे एका सरकारी संशोधन संस्थेत आहे. घर यशवंतपूरला, मालगाड्यांच्या आवाजात आणि घाऊक बाजाराच्या कांद्याच्या वासात. मी नाशिकहून इंजिनियरिंग करून आले आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. पहिल्या पगारांतून एसपी रोडवरून एकेक भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडला. कॅबिनेट एका दुकानातलं, व्हिडिओ कार्ड दुसऱ्या दुकानातलं, माऊस तिसऱ्या. व्हिडिओ कार्ड सगळ्यात स्वस्त होतं ते घेतलं. हे लक्षात ठेवा.

आणि त्यावर मी लिनक्स टाकलं! ऑफिसात आम्ही चारपाच जण त्याच्यामागे वेडे झालोय. एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली होती. सीडी घातली की ती विचारते, काय काय टाकू? शहाणा माणूस हवं तेवढं निवडतो. पण फुकट मिळालेलं सोडायचं कशाला? मी 'सगळं' निवडलं. आमच्या ऑफिसात सगळ्यांनीच 'सगळं' निवडलं होतं. त्यामुळे माझ्या मशीनवर केडीई आणि नोम असे दोन वेगवेगळे डेस्कटॉप होते, शिवाय खिडक्यांच्या चौकटी काढणारे आणखी तीन प्रोग्राम. मी काय केलं, एकाची खालची पट्टी, दुसऱ्याच्या चौकटी, तिसऱ्याची घड्याळं, असं सगळं एकत्र करून एक खिचडी डेस्कटॉप बनवला. दिसायला काय भारी दिसायचा! ऑफिसातल्या पोरांना घरी बोलावून दाखवला. दादा म्हणाला, "लग्नाच्या मांडवासारखं दिसतंय." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

आता वहिनी.

वहिनी सांगलीची. लग्नाआधी ती तिकडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होती. ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. मोठ्या बोर्डावर उभं राहून मशीनच्या भागांची चित्रं काढायची. लग्न झालं, दादाची नोकरी इथे, सुटलं सगळं. तिच्या कपाटात साड्यांच्या खाली तिचा व्हर्नियर कॅलिपर आहे, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला, तेल लावलेला. मी एकदा विचारलं, "हा कशाला जपून ठेवलायस?" तर म्हणाली, "तुझ्या दादाचं डोकं मोजायला."

ती मला 'बारके' म्हणते. तेविसाव्या वर्षी मला 'बारके' म्हणणारी जगात ती एकटीच. आणि चिडली की 'वन्सं' म्हणते. आत्ताच्या काळात नणंदेला 'वन्सं' कोण म्हणतं? तीसुद्धा म्हणत नाही, फक्त चिडली की. आणि 'वन्सं' आलं की मागून 'तुम्ही' येतं. मला आल्यापासून दोनदाच ऐकायला मिळालं होतं, एकदा मी तिच्या पुरणात पाय दिला तेव्हा आणि एकदा तिच्या आईच्या फोनवर मी गप्पा मारत बसले आणि फोन कटला तेव्हा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई आल्या होत्या. त्यांच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठीत अर्धं कन्नड. त्यांच्या यजमानांचा पीण्याला, इथल्या औद्योगिक वसाहतीत, कारखाना आहे, लहानसाच, चार लेथ नि एक मिलिंग. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वाण घेता घेता वहिनीने ड्रॉइंग ऑफिसचं काहीतरी सांगितलं, आणि त्या बाई एकदम म्हणाल्या, "अय्यो, आमच्याकडे तर चित्रं काढायला माणूसच नाही! गिऱ्हाईक म्हणतं कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग पाहिजे. होता तो पोरगा दुबईला गेला." ठरलं. अण्णा एका शनिवारी येतील, एखादा भाग आणतील, वहिनीने त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर काढून दाखवायचा. जमलं तर घरबसल्या काम.

वहिनीने त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक गाणं म्हणत केला. तिला गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आवाज काही बरा नाही तिचा.

मग मी तिला शिकवलं. म्हणजे मी शिकवलं असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मी तिला एक्सफिग नावाचा चित्रं काढायचा प्रोग्राम उघडून दिला, माऊस असा धर म्हणून सांगितलं आणि ऑफिसची बस पकडायला पळाले. संध्याकाळी आले तर तिने आमच्या नळाची तोटी काढलेली. आतून कापून! वॉशर, आटे, सगळं. मापांसकट. मी म्हटलं, "वहिनी, हे तू काढलंस?" तर म्हणे, "नाही, नळाने स्वतः काढलं."

आणि तेव्हाच ती बाणाची भानगड सुरू झाली.

माऊसचा बाण. आधी असं व्हायचं की खिडकीवर असताना तो बाण असायचा आणि रिकाम्या पडद्यावर आला की त्याची जाडजूड काळी फुली व्हायची. वहिनी म्हणाली, "अगं, हा मध्येच चूक का देतोय मला?" मी खूश! मला कारण माहीत होतं. रिकाम्या पडद्यावर कुठला आकार दाखवायचा हे डेस्कटॉपने सांगायचं असतं. माझ्या खिचडीत ते काम नक्की कोणाचं हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून कोणीच करत नव्हतं. सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ घातली, फुली गेली, बाण आला. मी घरभर नाचले. दादाला पेपर खाली ठेवायला लावून दाखवलं. त्याने बाण पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पेपर वर घेतला.

त्या एका ओळीने माझं डोकं फिरलं. त्याच्यानंतर मला वाटायला लागलं की बाणाचा कुठलाही घोळ हा डेस्कटॉपांच्या भांडणाचाच असणार.

कारण दुसरा घोळ फार वाईट होता. कधीकधी बाण जायचाच. त्याच्या जागी पट्ट्यापट्ट्यांचा एक चौकोन यायचा, अंगठ्याएवढा, टीव्हीला मुंग्या येतात ना, तसा. माऊस हलवला की चौकोन हलायचा. पण टोक कुठाय तेच कळायचं नाही. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला टोक दिसलं नाही तर झालंच! रेघ कुठून सुरू होणार?

मी काय काय नाही केलं. माऊसचं खालचं झाकण काढून गोळी धुतली. आतल्या चाकांवरचा मळ टाचणीने काढला. नोम काढून टाकलं, परत घातलं. खिडक्यांच्या चौकटी बदलल्या. थीम बदलली. इंटरनेटवरच्या एका लिनक्सच्या ग्रुपवर लांबच्या लांब मेल टाकली, त्यात माझ्या डेस्कटॉपचं वर्णनच जास्त होतं. कोणीतरी एका ओळीत विचारलं, 'व्हिडिओ कार्ड कुठलं?' मला तो प्रश्न बावळट वाटला. उत्तरच दिलं नाही.

आणि हे सगळं करताना मी सारखी काळ्या पडद्यावर जायचे. लिनक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-वन एकदम दाबलं की रंगीत डेस्कटॉप गायब होतो आणि नुसता काळा पडदा, पांढरी अक्षरं. तिथे कमांड द्यायच्या. काम झालं की एफ-सेव्हनने परत. मला तो काळा पडदा फार आवडतो. सिनेमात असतं तसं वाटतं. खरं सांगू? बऱ्याचदा काही काम नसतानाही मी जाऊन यायचे. कोणी बघत असलं तर नक्कीच.

एकदा जेवताना वहिनी म्हणाली, "बारके, तू त्या काळ्या पडद्यावर जाऊन आलीस ना, की बिघडतं."

मी म्हटलं, "अगं, त्याचा नि बाणाचा काय संबंध?"

"संबंध मला नाही माहीत. पण तसं होतं."

"वहिनी, ते वेगळं, हे वेगळं. तो टेक्स्ट मोड असतो. हे डेस्कटॉपचं आहे."

"बरं."

"तुला दुपारी येतो का चौकोन कधी?"

"दुपारी नाही येत."

"बघ! म्हणजे मी जास्त प्रोग्राम उघडते ना, त्याने होतं. तू काय, एकच प्रोग्राम वापरतेस."

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि विषय संपला. दादा म्हणाला, "ती काय म्हणतेय ते बघ तरी." मी म्हटलं, "दादा, प्लीज, तुला नाही कळणार." दादा रडारवर काम करतो.

आता शनिवार.

अण्णा दुपारी आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोटांच्या रेषांत तेलाचा काळेपणा, कितीही धुतला तरी न जाणारा. बरोबर रुमालात बांधलेला पितळेचा एक बुश. मधे भोक, एका बाजूला कॉलर, कॉलरवर चपटा भाग घासलेला. वहिनीने सकाळपासून मशीन चालू करून ठेवलं होतं. मला बजावलं होतं, "आज हात लावू नकोस हं. पाया पडते." मी म्हटलं, "अगं, नाही लावत!"

तिने फडक्यातून व्हर्नियर काढला. अण्णांनी तो पाहिला आणि खुर्चीत जरा पुढे सरकले.

"कुठं काम करत होता अक्का?"

"सांगलीला. पंपांच्या कारखान्यात."

"अच्छा अच्छा. मग ठाऊक असणार."

वहिनीने बुश फिरवून फिरवून मापं घेतली. तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होती. मग बसली माऊस घेऊन. मधली रेघ, बाहेरचं वर्तुळ, आतलं वर्तुळ. बाण असा जात होता जसा काही तिला माहीत होतं तो कुठे थांबणार. अण्णांची मान हलत होती. मी दारात उभी. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! आणि तो आनंद मला सोसवेना. मला वाटत होतं अण्णांना कळायला पाहिजे की हे साधंसुधं मशीन नाही, हे लिनक्स आहे, हे मी बसवलंय, हे फुकट आहे, ह्याला व्हायरस लागत नाही.

मी म्हटलं, "अण्णा, हे विंडोज नाहीये, माहितीये का?"

अण्णा म्हणाले, "हो का मा? मला काय कळतंय त्यातलं."

"नाही नाही, बघा ना, ह्याच्या आत खरं काय चाललंय ते दाखवते! वहिनी, एक सेकंद!"

"अगं नको," वहिनी म्हणाली.

पण माझा हात गेला होता. कंट्रोल, ऑल्ट, एफ-वन. काळा पडदा. पांढरी अक्षरं. मी म्हटलं, "हे बघा, हे खरं मशीन!" अण्णांनी मान डोलावली, लहान मुलाने दगड दाखवला की आपण डोलावतो तशी. एफ-सेव्हन. डेस्कटॉप परत. बुश परत.

आणि बाणाच्या जागी चौकोन.

वहिनीने माऊस हलवला. चौकोन हलला. तिने अंदाजाने क्लिक केलं, रेघ कॉलरच्या बाहेर जाऊन पडली. पुसली. परत क्लिक, परत भलतीकडे. अण्णांनी डोळे बारीक करून स्क्रीनकडे पाहिलं, मग वहिनीच्या हाताकडे. तिच्या हाताकडे! मला ते दिसलं. मला एवढंच कळलं की काहीतरी बोललं पाहिजे, लगेच, माझ्या मशीनवर काही यायच्या आत. आणि माझ्या तोंडातून निघालं,

"वहिनीला माऊसची अजून सवय नाहीये ना, म्हणून जरा."

बास. इतकंच. दुसरं काही नाही. मी विचारसुद्धा केला नव्हता. पण निघालं ते हे.

वहिनीचा हात माऊसवर तसाच थांबला. अण्णा लगेच म्हणाले, "सरी, सरी. स्वल्प वेळ लागतोच अक्का. आमच्या पोराला पण लागला. घाई काय आहे? सवय झाली की कळवा." भला माणूस. त्यांनी बुश रुमालात बांधायला घेतला.

आता वहिनीला बोलता आलं असतं. 'अण्णा, हिने बिघडवलं,' एवढंच म्हणायचं होतं. म्हणाली नाही. पाहुण्यासमोर घरच्या माणसाला तोंडघशी पाडायचं नाही, हे तिचं. ती उठली, पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"वन्सं, अण्णांना कॉफी आणता का तुम्ही?"

मी कॉफी केली. उतू गेली. अण्णा अर्धी पिऊन गेले.

ते गेल्यावर वहिनी परत मशीनपाशी बसली. माऊसला हात न लावता कीबोर्डवरून तिने फाइल सेव्ह केली. मग तीन बटणं एकदम दाबली, सगळा डेस्कटॉप धाडकन बंद, परत लॉगिन, परत चालू. बाण! छान, काळा, टोकदार बाण. फाइल उघडली आणि राहिलेला बुश पुरा करायला लागली. मापं घेतलेलीच होती.

मी म्हटलं, "हे तुला कसं माहीत?"

"तुम्ही रोज सकाळी तो चौकोन तसाच सोडून ऑफिसला पळता, वन्सं. स्वयंपाक आटपला की मला तो काढावा लागतो."

"पण मी कधी शिकवलं हे?"

"तुम्ही चिडून दाबत होतात तेव्हा पाहिलं."

दुपारी चौकोन का येत नव्हता ते आता कळलं मला. तो येत नव्हता असं नाही. मी आणून ठेवायचे आणि ती काढायची.

रविवारी सकाळी वहिनी भाजीला गेली तेव्हा मी मशीनपाशी बसले आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. चांगला बाण. काळा पडदा, परत. चौकोन. बंद करून चालू. बाण. काळा पडदा, परत. चौकोन. दर वेळी! मग सीडीवरची माहिती उघडली, माझ्या कार्डाच्या नावाची. तिथे लिहिलेलं होतं. बाणाचं चित्र कार्ड स्वतःच्या मेमरीच्या एका कोपऱ्यात ठेवतं. काळ्या पडद्यावर गेलं की तो कोपरा अक्षरांसाठी वापरला जातो, परत आलं की बाणाच्या जागी कचरा. माझ्यासारख्या स्वस्त कार्डांत होतं असं. डेस्कटॉपांचा काही संबंधच नाही! उपाय, सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ, की बाण कार्डाने काढू नये, सॉफ्टवेअरने काढावा. घातली. काळा पडदा, परत. बाण. काळा पडदा, परत. बाण!

मी उड्या मारत दारात गेले. वहिनी जिना चढत होती, दोन्ही हातांत पिशव्या.

"वहिनी! सापडलं! तुला माहितीये काय होतं? काळ्या पडद्यावर जाऊन आलं ना, की..."

आणि मी थांबले. कारण पुढचा शब्द 'बिघडतं' होता. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. जेवताना. तिच्याच तोंडून. आता मी तेच तिला शिकवत होते.

वहिनी दोन पायऱ्या खाली उभी होती. पालकाची जुडी पिशवीतून बाहेर आलेली. ती म्हणाली, "हो का?" आणि माझ्या बाजूने आत गेली. मी पिशवीसुद्धा घेतली नाही तिच्या हातातून. मला सुचलंच नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, "मी अण्णांकडे जाते. सांगते माझी चूक होती."

"तुम्ही नका जाऊ."

"अगं पण मीच..."

"तुम्ही गेलात की पुन्हा तुमचं ऐकतील ते. माझं चित्र मीच नेणार." मग म्हणाली, "ऑफिसात चांगला प्रिंटर आहे ना तुमच्या? प्रिंट आणा. आणि बरोबर चला, मला पीण्याच्या बसेस कळत नाहीत. पण बाहेर थांबायचं."

सोमवारी मी फ्लॉपी नेऊन प्रिंट आणली. मंगळवारी, म्हणजे आज, अर्धा दिवस रजा टाकून आम्ही गेलो. कारखान्याच्या दारात लोखंडाच्या किसाचा ढीग, आत लेथची घरघर, कूलंटचा आंबूस वास. वहिनी गुंडाळी घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेली. मी बाहेर. काचेतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. अण्णांनी कागद टेबलावर पसरला. खिशातला पेन काढून एका मापावर ठेवला, काहीतरी विचारलं. वहिनीने बोट ठेवून काहीतरी सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून बुश काढला, मोजला. परत कागद. परत बुश. मला वाटलं काच फोडून आत जावं.

मग अण्णा बाहेर आले, बहुतेक कोणाला तरी हाक मारायला. मला पाहिलं. "काय मा, तू इथं का उभी? आत ये की!"

आणि मी, मला बाहेर थांबायचं होतं, गप्प राहायचं होतं, एवढंच काम होतं माझं, मी धडाधडा बोलून टाकलं, "अण्णा, शनिवारी ते मी बिघडवलं, काळा पडदा दाखवायला गेले त्याने, वहिनीला माऊसची चांगली सवय आहे, माझ्यापेक्षा चांगली, मी खोटं बोलले, ती मला आधीच म्हणाली होती!"

लेथवरचे दोघं वळून बघायला लागले.

अण्णा म्हणाले, "असं का? अक्का तर म्हणाली मशीनमध्ये दोष होता, काढला." मग हसले. "म्हणजे मशीन बिचारं निर्दोष."

त्यांच्यामागे केबिनच्या दारात वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही.

काम मिळालं. म्हणजे एक भाग मिळाला, तेलकट कागदात गुंडाळलेला, बुशापेक्षा पुष्कळ अवघड, तीन बाजूंनी भोकं. हे नीट झालं तर पुढचं, असं अण्णा म्हणाले. वहिनीने तो मांडीवर धरला होता बसमध्ये, बाळासारखा. मला वाटलं आता तरी 'बारके' म्हणेल. मी म्हटलं, "बघ, मी सगळं खरं सांगून टाकलं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुन्हा तुमचंच झालं ना, वन्सं? माझं काम बघत होते ते. अर्धं बघून झालं होतं. मग तुमचं ऐकायला लागले."

हे मला अजिबात सुचलं नव्हतं. माफी मागतानासुद्धा मी मधे जाऊन उभी राहिले. एफ-वन दाबल्यासारखी.

आत्ता ती आतल्या खोलीत मशीनवर आहे. तो भाग काढतेय. माऊसची टिकटिक ऐकू येतेय, एकसारखी, न अडखळता. मी बाहेरच्या खोलीत वहीत खरडतेय, अक्षर लागत नाहीये मलाच. मघाशी चहा नेऊन दिला. तिने घेतला. "ठेवा तिथं," म्हणाली. ठेवा. म्हणजे अजून तुम्हीच. मी बटणांकडे बघितलंसुद्धा नाही, हात मागे बांधून आले बाहेर.

तुमच्याकडे झालंय का असं कधी? बिघाड सगळीकडे शोधला आणि तो तुमच्याच बोटात निघाला? आणि ज्या माणसाने आधीच सांगितलं होतं, त्याच्याच माथ्यावर तुम्ही तो मारलात, पाहुण्यासमोर? झालं असेल तर खरं सांगा, मला फार गरज आहे. 'वन्सं'वरून परत 'बारके'वर यायला तुमच्या घरी काय करावं लागलं? की काही करायचं नसतं, नुसतं बाहेर थांबायचं असतं?